‘मागं बघ’ म्हणणारे सर

धावताना मागे वळून बघू नये, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. आमचे दाभाडे सर मात्र कॉलेजच्या मैदानावर वळणापाशी उभे राहून ओरडायचे, "मागं बघ! ए नवाब, मागं बघ की!" मुलं मागे बघायची. कुणी अडखळायचं, कुणी दुसऱ्यावर आदळायचं. पडलेल्याला सर आधी विचारायचे, "लागलं का?" तो नाही म्हणाला की लगेच, "मंग मागं कोन होतं, ते सांग."

दुसऱ्या कॉलेजांचे कोच कपाळावर हात मारून घ्यायचे. आमची मुलं जिंकताना फारशी दिसली नाहीत. पण आमच्यातलं कुणी उन्हात चक्कर येऊन बसलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, असंही कधी झालं नाही.

मी सरांकडे गेले ती बोलावं लागू नये म्हणून. शाळा इंग्रजी माध्यमाची. कॉलेजात चार जणांत मराठी बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात जुळवायचे आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. धावताना कुणी बोलत नाही, असा माझा समज होता. सरांना भेटेपर्यंत तो टिकला.

पहिल्याच दिवशी त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघून मला सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी!" मी मान डोलावली आणि घरी जाऊन आईला विचारलं, अठ्ठ्याऐंशी म्हणजे किती? दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "काल कळलं नाय ना? तोंडावर दिसत होतं. लाजायचं नाय, कॉन्व्हेंट. मला बी तुमचं एटी-एट लवकर सुचत नाय." तेव्हापासून मैदानावर माझं नाव कॉन्व्हेंट.

सरांचा एक गुडघा दुखायचा, पोट जरा सुटलेलं, आणि डोक्यावर शहागंजच्या बाजारातून घेतलेली पांढरी टोपी. म्हणजे घेतली तेव्हा पांढरी असणार. घरी ते एकटेच. डबा मैदानावरच खायचे, आणि समोर जो असेल त्याला अर्धी भाकरी खावीच लागायची.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार, हे लग्नाच्या मुहूर्तासारखं विचारून ठेवावं लागतं. त्या वर्षी तर पाऊसच झाला नव्हता. गल्लीगल्लीत टँकर फिरत होते. सर मोठ्या टबात बसून आंघोळ करायचे, ते पाणी दोन कॅनमध्ये भरून स्कूटरवरून मैदानावर आणायचे आणि धूळ बसावी म्हणून शिंपायचे. पण सगळ्या मैदानावर नाही, फक्त त्या वळणावर.

"सर, आज चंदनाचा साबण का?" मुलं विचारायची.

"नाक कमी चालवा, पाय जास्त. हे मंजुळेचं वळण हाय. हितं धूळ नाय पायजे."

मंजुळा कोण, हे विचारायची गरज नसायची. ते आपोआप यायचं. कुणी दमलं की, "मंजुळा असती तर..." कुणी उशिरा आलं की, "मंजुळा असती तर..." एकदा कॅन्टीनचा समोसा कच्चा निघाला, तेव्हाही.

मंजुळा अजिंठ्याकडच्या एका मेंढपाळ घरातली मुलगी. सर नवीन नोकरीला लागले तेव्हा ती याच कॉलेजात होती. लहानपणापासून कळपाच्या पुढे चालायची सवय, त्यामुळे पायात वारा. तिची पहिली मोठी शर्यत माळावरची, लांब पल्ल्याची. मंजुळा इतकी पुढे गेली की मागच्या मुली धुळीत दिसेनात. आणि ओढ्याच्या वळणावर ती एकाएकी थांबली.

मेंढरं वळणावर चुकतात. म्हणून पुढे चालणाऱ्याने वळणावर थांबायचं, मागे बघायचं, आणि शेवटचं लंगडं कोकरू आलं की मगच निघायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. शर्यतीच्या नादात मंजुळा विसरलीच की मागे मेंढरं नाहीत. ती कमरेवर हात ठेवून उभी. एकेक मुलगी तिच्या समोरून पुढे जात होती. पंच ओरडत होते, लोक हसत होते. सगळ्यांत शेवटी एक मुलगी लंगडत आली. ती पुढे गेल्यावर मंजुळा म्हणाली, "आल्या सगळ्या," आणि पळत सुटली. आमच्या मैदानावरच्या वळणाला सरांनी तिचं नाव दिलं ते तेव्हापासून.

"आन् तरी," सर बोट वर करायचे, "तरी तिसरी आली!"

"मागच्या वेळी चौथी होती, सर."

"चौथी तर चौथी. तू थांबून दाखव, आन् मंग दहावा तरी ये!"

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. चारा मिळेना. घरच्यांनी मेंढरं विकली आणि सगळे पैठण रोडला चितेगावात कंपनीच्या कामाला लागले. मंजुळेचं कॉलेज सुटलं. गोष्ट इथवर आली की सर टोपी काढायचे, झटकायचे आणि परत घालायचे. मुलं मागे हळूच म्हणायची, अशी कुणी मंजुळा नसेलच. मलाही तसंच वाटायचं.

मग एके सकाळी मैदानाच्या कडेला चुन्याची खूण दिसली. शहर वाढत होतं, नवा रस्ता येत होता, आणि मैदानाचा नेमका तो कोपरा त्यात जाणार होता. सर खुणेजवळ बराच वेळ उभे होते. ओरडले नाहीत. म्हणून आम्हीच घाबरलो.

सगळे गेल्यावर ते माझ्याकडे आले. "कॉन्व्हेंट, तुझ्याकडं गाडी हाय ना? चितेगावला जाशील? मंजुळेला एवढंच सांग, वळण चाललंय. रविवारी शेवटचं पळनार हाओत. यायचं तर ये."

"तुम्ही का नाही जात, सर?" एवढा मोठा प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच विचारला.

"मी गेलो तर तिला वाटंल, पळ म्हनायला आले. संसार हाय तिचा, नोकरी हाय. उगं जीवाला घोर. तू जा. तू जास्त बोलत नायस." मग त्यांनी पत्ता सांगितला. कंपनीचं मागचं गेट, तिथलं लिंबाचं झाड, त्याखाली चहाची टपरी. टपरीच्या डाव्या हाताला उभी रहा, उजवीकडून गेट दिसत नाही. दुपारची पाळी सुटली की ती निळ्या ओढणीवाल्या बायकांत असते, सगळ्यांत मागे.

कधीही न गेलेल्या माणसाला इतका बारीक पत्ता माहीत नसतो.

मी डाव्या हाताला उभी राहिले. बायका बाहेर पडल्या. सगळ्यांत मागे एक उंच बाई, कुणाची तरी पिशवी हातात घेऊन.

"मंजुळाताई?"

"व्हय. तुमी कोन?"

"मला दाभाडे सरांनी पाठवलं."

तिचा चेहरा एकदम उतरला. "सर बरे हायेत ना?"

"बरे आहेत. मैदानाचं वळण रस्त्यात चाललंय. रविवारी शेवटचं पळायचंय. तुम्ही याल का?"

"मी?" तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कोनत्या तोंडानं येऊ, बाई? माझ्यापायी सरांचा कप गेला. समदे हसले त्यास्नी. सर कायबी बोलले नाय, झाडामागं जाऊन रडले. मी बघितलं की. मंग कॉलेज सुटलं तवा मी सांगायला बी गेले नाय. तशीच गेले."

वाक्य जुळवायला वेळच नव्हता. "ताई, सर आम्हाला मागे बघायला शिकवतात. रोज. सगळ्यांना. तुमच्यामुळे."

"मागं? पळताना?"

"हो. आम्ही त्यामुळे सगळीकडे हरतो."

तिने ओढणी तोंडाला लावली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं माय! एक मी येडी होते, आता समदं कॉलेज येडं झालं व्हय!"

तेवढ्यात बस आली. बायकांनी तिला हाका मारल्या आणि ती चढली. "रविवारी! सकाळी!" मी बसच्या मागे ओरडले. टपरीवरची माणसं बघायला लागली. मी आयुष्यात रस्त्यावर ओरडले नव्हते.

मी परत आले तेव्हा सर मैदानाच्या फाटकातच उभे होते. "काय म्हनाली?"

"हसल्या."

"येते म्हनाली का?"

"बस आली, सर."

"बस बरोबर तवाच येती," सर म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "त्या शर्यतीच्या दिवशी तुम्ही रडला होतात का?"

"धूळ लई होती." मग ते म्हणाले, "इतकं पुढं गेलेलं मानूस मागच्यासाठी थांबतं, हे मी कवा बघितलं नव्हतं, पोरी. कप तर काय, कपाटात असत्यात."

कॉन्व्हेंटऐवजी पोरी, हे पहिल्यांदाच.

रविवारी सरांनी दोनाच्या जागी चार कॅन आणले. म्हणजे आदल्या दिवशीचंही पाणी राखलं होतं. टोपी नवी, खरोखर पांढरी. कुणी साबणाचं विचारलं नाही. ऊन चढायला लागलं. सर घड्याळ बघायचे, फाटकाकडे बघायचे, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की खाली वाकून बुटाची लेस सोडून परत बांधायचे.

"चला," शेवटी ते म्हणाले. "नाय तर ऊन लागंल तुम्हाला."

आम्ही रेषेवर उभे राहिलो, आणि ती फाटकातून आली. तीच निळी ओढणी कमरेला बांधलेली, पायात कंपनीचे काळे बूट. मुलं तिच्याकडे अशी बघत होती, जणू धड्यातलं चित्र चालत आलंय.

दिवसभर बोलणाऱ्या सरांना एकच शब्द सुचला. "आलीस."

"व्हय, सर. सर, त्यो कप..."

"कसला कप? पळायचं सोडून काय बोलतीस? रेषेवर हो!"

सर म्हणाले, मीपण पळणार. आम्ही गुडघ्याची आठवण दिली. "गुडगा माझा हाय," ते म्हणाले, आणि निघाले.

मंजुळाताई काळ्या बुटांनीही आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली. ओल्या मातीच्या वळणावर पोचली आणि थांबली. कमरेवर हात ठेवून तिने मागे बघितलं. मग तिच्यामागचा मुलगा थांबला. मग मी. एकेक करून सगळेच थांबले. कुणी कुणाला सांगितलं नाही. रोज तेच शिकत आलो होतो.

लांबून सर येत होते, एक पाय ओढत, टोपी हातात घेऊन. "थांबता कामून? पळा की रे! आता कुनासाठी थांबलात?"

कुणी हललं नाही.

तेव्हा आम्ही कुणाची वाट बघतोय, हे पाहायला सरांनी सवयीने मान वळवली. मागे रिकामं मैदान होतं.

त्यांनी टोपीने तोंड पुसलं आणि हळूहळू वळणापर्यंत आले.

"आले सगळे," मंजुळाताई म्हणाली. "चला."