उजवीकडची नदी

साहेब, नदी तुम्ही लपवलीत. एवढी मोठी, बारा महिने वाहणारी नदी तुम्ही भर दिवसा लपवलीत, आणि तीही गावभर पाट्या लावून. आता हात वर करू नका. तीन साक्षीदार आहेत: एक शिंपी, एक पेंटर आणि एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर. तिघांचंही शिक्षण अर्धवट सुटलेलं असल्यामुळे सफाईनं खोटं बोलायला त्यांना कुणी शिकवलं नाही.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. मामांनी उभी हयात उत्तरेकडे माल पोचवला आणि ही नदी पुलावरून अगणित वेळा ओलांडली. पण दिवसा जड गाड्यांना पुलावर बंदी. त्यामुळे प्रत्येक वेळी अंधारात. चाकाखाली पुलाचे सांधे खडखडायचे, खिडकीतून गार वारा यायचा, संपली नदी. आता मामांचे गुडघे गेले. लांबचा प्रवास हा शेवटचा, असं लेकीनं डॉक्टरांसमोर कबूल करून घेतलं. तेव्हा मामा दोघा मित्रांना एवढंच म्हणाले, "आयुष्यभर तिच्या डोक्यावरून गेलो रे. एकदा उजेडात तोंड बघायचंय."

म्हणून शिंप्यानं मशीनवर चादर टाकली, पेंटरनं ब्रश रॉकेलात बुडवून ठेवले आणि तिघं सकाळच्या गाडीनं त्या गावी उतरले. परतीची गाडी रात्रीची. मधला अख्खा दिवस नदीचा.

स्टेशनबाहेरच पाटी होती. निळा पत्रा, पांढरी ठसठशीत अक्षरं, 'नदीकडे', आणि खाली उजवीकडे रोखलेला बाण.

"कुणाला तरी विचारून घेऊ," शिंपी म्हणाला.

"माणसाला विचारायचं नाही," मामा म्हणाले. "रस्त्यावर दोनच गोष्टींवर विश्वास ठेवायचा, ब्रेक आणि पाटी. एकदा एका भल्या माणसाला विचारलं होतं. त्यानं हात जोडून, गोड बोलून भरलेला ट्रक शाळेच्या मैदानात घालायला लावला. क्रेन आणावी लागली, आणि पोरांना सुट्टी."

"बरोबर आहे," पेंटर म्हणाला. "पाटी म्हणजे सरकारचा शब्द. आणि अक्षर बघ टेलर, काय हात आहे. 'न'ची गाठ बघ. आजकाल असं काम राहिलं नाही."

तिघं उजवीकडे वळले. बाजार ओलांडल्यावर दुसरी पाटी आली. नदीकडे, उजवीकडे. पेंटरनं पुन्हा मान डोलावली. दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिसरी. तिच्यापाशी पेंटर जरा जवळ गेला, बाणाच्या शेपटीकडे बघितलं आणि मान डोलवायचं विसरला. शेपटीला माशासारखी खाच होती.

अशी खाच त्या अख्ख्या भागात एकच माणूस काढतो. आणि तो ह्या क्षणी पाटीसमोर घाम पुसत उभा होता.

"मामा," पेंटर म्हणाला, "एखाद्या माणसाला विचारलं तर काय बिघडतं?"

"आत्ता तूच म्हणालास ना, सरकारचा शब्द?"

"सरकार पण शेवटी माणूसच आहे."

"चल," मामा म्हणाले आणि उजवीकडे वळले. चौथी पाटी मागे पडली आणि समोर एक मोठी इमारत आली. घड्याळ, पायऱ्या, हमाल. चहाच्या गाड्यावरची बाई ओळखीचं हसली. ते स्टेशन होतं.

मामांना धक्का बसला नाही. चाळीस टन माल घेऊन रस्ता चुकलेल्या माणसाला असे धक्के बसत नाहीत. "मधली एक पाटी सुटली आपली," ते म्हणाले. "परत जाऊ. ह्या वेळी नीट बघत."

दुसऱ्या फेरीत शिंप्यानं पेंटरला मागे ओढलं. "तुला झालंय काय? सकाळी पाट्यांच्या आरत्या ओवाळत होतास."

पेंटर खालच्या आवाजात म्हणाला, "ह्या पाट्या मी रंगवल्यात. गेल्या वर्षी कंत्राटदार आला होता. कुठल्या गावाच्या ते सांगितलं नाही. म्हणाला, सगळ्या सारख्या पाहिजेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी विचारलं की, डावीकडचे बाण किती? तर म्हणाला, मोठ्या साहेबांनी एकच नमुना पास केलाय. डावा बाण काढायचा तर फाइल पुन्हा खालून वर जाईल."

"आणि तू ऐकलंस? अरे, गिऱ्हाईक कितीही बोंबललं तरी मी दोन्ही बाह्या एकाच खांद्याला लावत नाही."

"मला वाटलं, नदी उजवीकडेच असेल."

"गावाच्या प्रत्येक खांबापासून?"

शिंपी मामांना सांगायला पुढे धावला, पण पुढे जायला वाट राहिली नव्हती. मामांच्या मागे माणसं जमली होती. एक नवपरिणीत जोडपं, बाबागाडी ढकलणारं एक कुटुंब, सारख्या टोप्या घातलेले एक मास्तर आणि मास्तरीणबाई. सकाळपासून तेही पाट्यांमागे फिरत होते. मामा ज्या खात्रीनं उजवीकडे वळत होते, ती बघून त्यांनी पाट्या सोडून मामांना धरलं होतं.

"पुढं कोण आहे?" बाबागाडीवाल्यानं विचारलं.

"गाईड असावेत," मास्तर म्हणाले. "चाल बघा ना. पाठ आहे सगळं त्यांना."

ही वरात स्टेशनवर पोचली तेव्हा चहावाल्या बाईनं कप आधीच भरून ठेवले होते.

शिंप्याला राहवलं नाही. "बाई, नदी आहे कुठं?"

"पाटी लावलीय ना."

"तुम्ही कधी गेला नाहीत?"

"मी कशाला जाऊ? पाट्या लागल्यापासून दिवसातून तीनतीनदा तीच माणसं परत येतात. पहिल्यांदा हौसेनं चहा घेतात, दुसऱ्यांदा दमून घेतात, तिसऱ्यांदा भांडत घेतात. ज्यानं पाट्या लावल्या त्याचं भलं होवो."

पेंटरनं कप तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्या फेरीत मामांचा गुडघा बोलायला लागला. पाय फरपटायला लागला, पण वळण आलं की ते उजवीकडेच वळत. ऊन उतरलं होतं. आता शिंप्यानं त्यांचा दंड धरला आणि सगळं सांगून टाकलं. मामांनी पेंटरकडे बघितलं. मग म्हणाले, "अक्षर मात्र चांगलं काढलंस." ह्यापेक्षा त्यांनी आईवरून शिवी दिली असती तर पेंटरला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात मास्तरीणबाईंना समोर तुमच्या पर्यटन खात्याचं माहिती केंद्र दिसलं. अख्खी वरात आत घुसली. आत तुमचे एक अधिकारी होते. त्यांच्या पाठीमागे भिंतभर नदीचा रंगीत फोटो होता. निळंशार पाणी, एक होडी, वर सूर्य. बाबागाडीतल्या मुलानं हात पुढे केला. सकाळपासून दिसलेली ही पहिलीच नदी होती.

"नदीकडे कसं जायचं?" मामांनी विचारलं. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी माणसाला वाट विचारली.

"पाट्या लावल्यात."

"पाट्या गोल फिरवतात."

"बाण उजवीकडचा मंजूर आहे," अधिकारी म्हणाले. "नदी डावीकडे असेल तर त्याला आम्ही काय करणार?"

"पण नदी तुमच्याच खात्याची ना?"

"नाही. नदी दुसऱ्या खात्याकडे. आमच्याकडे फक्त नदीकडे जाणं."

मामा फोटोपाशी गेले आणि टेकायला म्हणून हात ठेवला. फोटो खालून फुगला होता, दमट होता. मामांनी हात नाकाशी नेऊन वास घेतला.

"इथं ओल कसली?"

"कायमचीच कटकट," अधिकारी म्हणाले. "मागे नदी आहे ना. आधी तिथं खिडकी होती. वारा यायचा, कागद उडायचे. बंद करून फोटो लावला तर आता ओल."

सगळे एकदम दाराकडे पळाले. दाराबाहेर पाटी होती. नदीकडे, उजवीकडे. आणि साहेब, दिवसभराची सवय बघा, त्यातली निम्मी माणसं उजवीकडे वळली.

मामा डावीकडे वळले. पळणं त्यांच्या नशिबात राहिलं नव्हतं. शिंप्यानं एक खांदा दिला, पेंटरनं दुसरा. बोळ अरुंद, पायऱ्या तुटलेल्या, एकेका पायरीला मामा थांबायचे. शेवटची पायरी उतरेपर्यंत उजेड संपला होता.

काठावर तुमचा दिवा मात्र होता. चांगला उंच, पांढरा झगझगीत. त्याचा सगळा झोत एका पाटीवर पडला होता. पाटीवर लिहिलं होतं 'नदीकडे', खाली बाण उजवीकडे. पाटीची राखण करायला शिट्टीवाला रखवालदार. दिव्याच्या मागे जे काही वाहत होतं ते काळंकुट्ट.

"पाणी बघू द्या जरा. दिवा तिकडं वळवता येईल?" शिंप्यानं विचारलं.

"दिवा पाटीचा आहे," रखवालदार म्हणाला.

मामांनी चपला काढल्या आणि काठाच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. खालून खळखळ आवाज, तोंडावर गार वारा.

"दिसतीये का मामा?" पेंटरनं विचारलं.

"नाही रे," मामा म्हणाले. "नेहमीसारखीच आहे."

पेंटर उठला. ब्रश तर घरी रॉकेलात. त्यानं वाकून ओंजळभर चिखल घेतला, पाटीपाशी गेला आणि आपल्याच हातचा बाण, माशासारख्या खाचेसकट, अंगठ्यानं घोटून घोटून बुजवला. आयुष्यात एवढं मन लावून त्यानं काम केलं नव्हतं. रखवालदारानं शिट्टी फुंकली. तिघांची नावं लिहून घेतली.

आता पेंटरच्या दुकानावर तुमची नोटीस आली आहे. आरोप असा की त्यानं बाण बुजवल्यामुळे पर्यटकांची दिशाभूल झाली. पंधरा दिवसांत खुलासा मागवलाय. खुलासा तो देईल साहेब, पळून जाणाऱ्यांतला नाही. मामा गुडघा सुजून खाटेला लागलेत, लेक आता त्यांना फाटकाबाहेरही सोडत नाही, आणि त्या बिचाऱ्यांनी पेंटरला एका शब्दानंही बोल लावलेला नाही. पण खुलाशाच्या आधी तुम्ही तुमच्या खुर्चीतून उठा, त्या भिंतीवरचा फोटो स्वतःच्या हातानं उतरवा, बुजवलेली खिडकी फोडा, आणि भर दिवसा डोळे उघडे ठेवून एकच सांगा.

नदी कुठल्या बाजूला आहे?