आधी नाव, मग सर्वनाम

आमच्या तिसगावात म्हस्के सरांसमोर ‘तो आला होता’ असं म्हणायची सोय नाही. सर लगेच हात वर करतात. “तो कोण? आधी नाव, मग सर्वनाम!” एकदा गल्लीतला बबन धापा टाकत आला. “सर, ती हिरीत पडली!” सर म्हणाले, “ती कोण?” “शेळी, सर, शेळी!” “मग पहिल्याच वाक्यात शेळी आण.” दोर घेऊन विहिरीवर सगळ्यांच्या आधी पोचले तेही सरच, पण वाक्य दुरुस्त झाल्यावर. शेळी वाचली.

सर हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, ते काही झाले नाहीत. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सकाळी सर तिथं युरियाच्या गोणीवर बसतात आणि बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला व्याकरण देऊन पाठवतात. मी त्यांचा विद्यार्थी आणि भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे मला तर सुटकाच नाही.

इंग्रजी सर्वनामांवर त्यांचा भारी जीव. आमच्या वर्गातल्या भानुदासनं निबंधात वडिलांना सगळीकडे ‘दे’ लिहिलं होतं. माय फादर इज अ फार्मर, दे गो टू फार्म.

“बाप एक आहे की चार?” सरांनी विचारलं.

“एकच हाय, सर. पन बापाला ‘ही’ कसं म्हनू? अरेतुरे हुतंय. घरी कळलं तर लई हानतील.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “इंग्रजाच्या देशात राजालाही ‘ही’ आणि त्याच्या गड्यालाही ‘ही’. तुला मान द्यायचाय ना? मग तो आवाजात दे. म्हण, ही!” भानुदासनं बिचाऱ्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यावं तसं ‘ही’ म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ते कोणाचं चुकलं नाही.

आता गंमत पाहा. नावाचा एवढा आग्रह धरणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र नाव चालतच नाही. काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईनं सांगून ठेवलंय. त्यांच्या लेखी सर म्हणजे ‘आमचे हे’. सरांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. काकूंचं एकच उत्तर, “त्ये शाळंत शिकवा.”

यंदा काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याला आधीच कमी दिसतं. डोळा उघडला तर मढीच्या जत्रेत रेवड्या वाहीन, असा त्यांचा नवस होता. माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. दर्शन झालं आणि परत फिरताना निशाणाची उंच काठी वाजतगाजत आली. गर्दी एका बाजूला लोटली गेली. ती ओसरली तेव्हा काकू नव्हत्या. त्यांचा मोबाईल सरांच्या पिशवीत होता.

सरांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता. डोळ्याला धक्का लागला तर? कुठं पडली तर? ते दुकानादुकानातून विचारत सुटले, “तिला पाहिलंत का? काळा चष्मा आहे.” एक रेवडीवाला म्हणाला, “ती कोन, बाबा?” सर तसेच पुढच्या दुकानाकडे धावले, “तिला पाहिलंत का?”

तेवढ्यात कर्णा वाजला. “ऐका हो! काळ्या चष्म्याच्या एक आज्जी मंडपात बसल्यात. त्या म्हंत्यात, आमचे हे हरवलेत. नाव काय केल्या सांगत न्हाईत. तरी ज्या कुन्या ‘ह्यां’ची बायकू हरवली आसंल, त्यांनी यावं!”

जत्रा खो खो हसली. सर आता ‘हे कोण?’ म्हणून हात वर करणार, असं वाटून मी वळलो. सर तिथं नव्हतेच. त्यांची एक चप्पल तेवढी होती. ती उचलून मी मागं धावलो.

मंडपात आधीच चार-पाच ‘हे’ जमले होते. कर्णेवाला वैतागून म्हणाला, “आज्जी, ह्यातलं तुमचं कोनतं?” सर सगळ्यांच्या मागं गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. बोलायला दमच नव्हता. काकूंनी कान तिकडं केला.

“त्ये मागं धापा टाकत्यात ना, त्येच.” मग सरांना म्हणाल्या, “कुठं हरवला हुता वो? म्या किती शोधलं!”

सर त्यांच्या शेजारी बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

परतताना गाडीत मी छेडलं. “सर, नाव न ऐकताच पळालात?”

सर म्हणाले, “आई गेली, थोरला भाऊ गेला. नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. गावाचा मी सर. मला ‘हे’ म्हणणारी एवढी एकच आहे रे.”

थोड्या वेळानं मी विचारलं, “काकू, ते पाणी प्यायले का?”

मागून लगेच सरांचा आवाज आला, “ते कोण? आधी नाव!”

मी आरशात पाहिलं. काकूंच्या पदराचं टोक सरांच्या मुठीत होतं. तिसगाव येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.