ग्वादाराम्याच्या डोंगरीं टॉर्टियाची फत्ते

माद्रिदनगरीचा पाठीराखा संत इसिद्रो याचे पायीं मस्तक ठेवून, ऑगस्टाच्या रजेंत विसितासियोनबाईसाहेबांनीं डोंगरावर जी मोहीम केली तिचें वर्तमान, घडलें तैसें, पदरचें मीठ न घालतां लिहिलें जातें. मीठ घालावयाचें तें टॉर्टियांत आधींच पडलें होतें.

मोहिमेचें कारण ऐसें. बाईसाहेब कुमारी असतां जुन्या मंदगती आगगाडीनें हाच डोंगर चढत होत्या, आणि टॉर्टिया, म्हणजे अंडीबटाट्याची जाड पोळी, कागदांतून सोडून समोरच्या परक्या तरुणास "घेणार का?" म्हणून पुसत्या जाहल्या. त्या मुलखाचा शिरस्ता कीं, खाणारानें सर्वांस विचारावें, आणि सर्वांनीं "नको, सावकाश होऊं द्या" म्हणावें. खरेंच घेणें हें अदबीस सोडून. त्या तरुणानें घेतलें. मग लग्न जाहलें. तेच राजमान्य एलादियोसाहेब. हल्लीं साहेबांस मागील गोष्टी एकेक विसरावयाची संवय लागली, आणि ही गोष्ट जाण्याआधीं तोच डोंगर दाखवून तोच घास खिलवावा, एवढीच बाईसाहेबांची मुराद.

परंतु सेनापतिपद वडील नणंद रामोनाबाईंकडे. या बाईंनीं वेगवान गाडीनें अनेक शहरें जिंकलीं, म्हणजे उतरावें, फोनांत चित्र घ्यावें, आणि परतीची गाडी धरावी. शहर कैसें होतें पुसतां, गाडी वेळेवर होती म्हणून सांगत. शिवाय त्या बिनकांद्याच्या पक्षाच्या. आणि टॉर्टियांत कांदा असावा कीं नसावा यावरून त्या मुलखीं सख्खे भाऊ एकमेकांचें तोंड पाहत नाहींत.

मग वेगवान गाडीनें डोंगरापलीकडील सेगोविया शहरावर कूच जाहलें आणि खिडकीची जागा बाईसाहेबांनीं कोपरानें सर केली आणि टॉर्टियावरचा चांदीचा कागद सोडला. आतां विचारणें प्राप्त. परंतु डब्यांतील तमाम रयतेच्या कानांत गाणीं ऐकण्याचीं बोंडें, आणि जबाब आल्याविना घास घेणें अधर्म, सबब बाईसाहेब उठून एकेकाच्या खांद्यास हात लावीत चालल्या.

"विसी, बस गं खाली! लोकांना वाटेल तिकीट तपासतेयस."

"न विचारता खाऊ होय, वन्सं? जनावरं आहोत का आपण?"

इतक्यांत काळोख जाहला. डोंगर पाहण्यास निघालेल्या लोकांस कारभाऱ्यांनीं डोंगराच्या पोटांतून नेण्याची तजवीज केली होती. बाईसाहेबांस खिडकींत आपलेंच तोंड दिसलें. मग उजेड पडला आणि तत्क्षणीं सेगोवियाचें स्टेशन आलें, तेंही शहरापासून दूर माळावर. आणि कागद पुन्हा मिटला.

सेगोवियांत रामोनाबाईंनीं पाण्याच्या प्राचीन कमानी फोनांत कैद केल्या. परंतु जेवणाचें मेज आधीं राखण्याचें राहिलें, आणि भाजल्या डुकराच्या पिलावर चालून आलेल्या माद्रिदच्या फौजांनीं एकूणएक खाणावळ व्यापिली होती. रसद तुटली.

"आपण इथं आधी कधी आलोय का गं?" साहेबांनीं पुसलें.

तें ऐकून बाईसाहेबांचें फर्मान सुटलें कीं, परतणें तें जुन्या स्टेशनावरून, जुन्या गाडीनें, डोंगरावरून. आणि डोंगर येईतों कागद सुटणार नाहीं.

"वेड लागलंय का? परतीची तिकिटं वाया जातील! ती गाडी म्हणजे गोगलगाय नुसती!"

"तुम्ही व्हा पुढं, वन्सं. बोगद्याला माझा नमस्कार सांगा."

साहेब टॉर्टियामागें चालले. रामोनाबाई घडीभर अभिमान धरून उभ्या राहिल्या. मग पोटानें बंड केलें आणि त्याही चालल्या.

गाडी कण्हत चढूं लागली. पाइनचीं झाडें हाताशीं आलीं, आणि मागें डोंगर, निळा, आडवा पसरलेला, उभा राहिला. कागद सुटला. बाईसाहेबांनीं डबाभर विचारिलें आणि डबाभर जबाब आला, "नको, नको, सावकाश होऊ द्या!" विणकाम करणारी एक म्हातारी तर म्हणाली, "कांदा आहे ना? मग देव तुमचं भलं करो."

"वन्सं, घेणार?"

"नको."

"घ्या हो."

"सांगितलं ना, कांदा मला चालत नाही."

"बरं, राहिलं."

"...एवढा कोपरा दे. कांदा नसेल तिथला."

ऐसा कोपरा टॉर्टियांत नव्हता, हें उभयतांस ठाऊक. रामोनाबाईंनीं तो खाल्ला, आणि दुसराही, आणि शरणागतीची वाच्यता केली नाहीं.

मग बाईसाहेबांनीं शेवटीं साहेबांसमोर तुकडा धरिला. "घेणार का?"

साहेबांनीं डोंगराकडे पाहिलें, तुकड्याकडे पाहिलें, आणि अदब सोडून घेतला. चावून म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

"काहीतरीच!"

"त्या दिवशीही झालं होतं. मी बोललो नाही. म्हटलं, पोरगी छान आहे, उगाच कशाला."

येणेंप्रमाणें डोंगर हस्तगत जाहला. रामोनाबाईंचा पाडाव कांद्यासह रुजू असे. मिठाविषयींचा आरोप, जो दुसऱ्या कोणीं केला असतां बाईसाहेबांनीं त्याचें मुंडकें उडविलें असतें, तो त्यांनीं डोळे पुशीत भर डब्यांत मान्य केला. टॉर्टिया शिल्लक नाहीं.