उडणारा आणि झुरणारा

आमच्या नेकनूरच्या शाळेत नवा माणूस आला की भानुदास सर त्याचं नाव विचारायच्या आधी विचारतात, "तुमी उडणारे का झुरणारे?"

उडणारा म्हणजे कॉमिक्समधला तो मुखवटेवाला, पाठीवर कापड बांधून इमारतींवरून झेपावणारा. झुरणारा म्हणजे एका जुन्या कादंबरीतला नावाडी. पुरात त्याच्या हातून मित्राचा हात सुटतो. मित्र खाली काठाला लागून वाचतो, तरी हा पुढची सगळी कादंबरी नीट जेवत नाही, झोपत नाही, नुसता नदीकडं बघत बसतो. सर मराठी शिकवतात. पण कित्येक वर्षं ते या दोघांचीच तुलना करताहेत आणि शेजारच्या खुर्चीतली मी, विज्ञानाची बाई, ती ऐकते आहे.

"मॅडम, मुद्दा काय हाय," ते सुरू करतात आणि माझ्या वह्या तपासायच्या राहतात. "ह्या उडणाऱ्यानं शहर वाचवताना किती गाड्या चेपल्या? कुणाच्या दुकानावर पडला? मागं वळून बघितलं का? न्हाई. आन् आमचा नावाडी बघा. एक हात सुटला, तर जल्मभर पुरला त्याला."

"सर, घंटा झाली."

"घंटा रोजच होती."

एकदा बीडच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला धरलं. दिवसभर उभा राहून तोही शिणलेला. म्हणाला, "सर, मी उडत बी न्हाई आन् झुरत बी न्हाई. मी तिकिटं फाडतो. तुमी जरा पुढं सरका." बीड येईपर्यंत सर गप्प होते. सगळ्या बसला बरं वाटलं.

मध्यंतरी एका रविवारी मी युसूफ वडगावला नणंदेकडं गेले होते. शेजारच्या ओट्यावर ओळखीचा आवाज आला. भानुदास सर मांडीवर कॉमिक्स घेऊन मोठ्यानं वाचत होते, तेही उडणाऱ्याचं. तो भिंतीवर आदळला की "धडाम" असा आवाजही काढत होते. शेजारी एक म्हातारा, बोटं वाकडी झालेला, खुशीत ऐकत होता.

मला बघून सर ओशाळले. "हे आमचे दादा," म्हणाले.

दादा चहाचं सांगायला आत गेले, तसे सर हळू आवाजात बोलू लागले. "दादाला वाचता येत न्हाई. आईबाप ऊसतोडीला जायचे. आमा दोघांतल्या एकालाच शाळेत ठेवायचं ठरलं. हुशार दादाच होता, मॅडम. पण मी लई रडलो. मंग दादाच म्हणला, ह्याला ठेवा, मी येतो संगं."

मी विचारलं, "नावाड्याची गोष्ट वाचून दाखवली का त्यांना?"

"दाखवली एकदा. दादा म्हणला, तो दोस्त जिता हाय ना? मंग हा नदीकडं कशापायी बघत बसलाय? त्याच्यापाशी जाऊन बस म्हणावं." सरांनी चष्मा पुसला. "तवापासून दर रविवारी येतो."

दादा बाहेर आले, टेकून बसले. "वाच की, भान्या."

सरांनी पान उलटलं. दादांनी चित्रावर वाकडं बोट ठेवलं आणि ते ढग, त्या इमारती सावकाश बघू लागले. त्यांचं बघून होईपर्यंत सर थांबून राहिले.