चंद्राबाईंच्या शेजारची जागा

नानासोंनी कोइमतूरहून आणलेला डिजिटल कॅमेरा हातात धरला, की पाटा उचलल्यासारखं वाटे. अठ्ठ्याण्णव साल होतं. विट्यात असा कॅमेरा कुणी पाहिला नव्हता. त्याच्या पोटात रिळाऐवजी कॉम्प्युटरची फ्लॉपी होती आणि काढलेला फोटो पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर लगेच दिसायचा. नानासोंचं तिकडे सोन्याच्या गलाईचं, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं दुकान. चारच्या गाडीने त्यांना परत निघायचं होतं. त्याआधी त्यांच्या वडिलांना, आबांना, एकच फोटो हवा होता: चंद्राबाईंच्या शेजारी बसलेला.

अडचण एवढीच, की चंद्राबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा मिळून फोटो नव्हता. चारचौघांत नवऱ्याला खेटून बसणं त्यांना पटत नसे. मागे राहिला तो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात त्या सरकारी फोटोग्राफरकडे रागाने बघत होत्या, आणि माजघराच्या भिंतीवर आल्यापासून सगळ्या घराकडे तशाच बघत.

"फोटू अंगणात नेऊया आबा, उजेड लय हाय," नानासो म्हणाले.

"तिला एकदा नेली घरातनं. आता न्यायची न्हाई."

तेव्हा माजघरातच, तसबिरीखाली खुर्ची मांडली. आबा कडक फेटा बांधून बसले. फ्लॅश उडाला. पडद्यावर आबा झकास आले, पण चंद्राबाईंच्या जागी, काचेवर, सूर्य उगवला होता. फ्लॅश बंद केला तर आबाच गडप. हात हलला तेव्हा आबांना दोन फेटे आले. कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवून पाहिला, तर भाकऱ्यांसाठी नानासोंच्या बायकोने, आक्काताईंनी, डबाच उचलून नेला.

सहा फोटो वाया गेल्यावर आबा कंटाळून बाहेरच्या दारात, उन्हात जाऊन उभे राहिले. नानासो बाजूला होऊन नुसत्या तसबिरीवर कॅमेरा जुळवत होते.

"आरं, मी गेल्यावर काढणार हाईस का फोटू?" आबा ओरडले. दचकून नानासोंच्या हातून बटण दाबलं गेलं आणि सातवा निघाला.

"आवं, घाण झालेली पुसून टाका की," आक्काताई म्हणाल्या.

"पुसू? दुकान झाडल्याली माती बी टाकत न्हाई आमी. त्यातनं सोनं निघतं."

"ह्यातनं काय निघायचंय?"

"निघंल तवा कळंल."

चौदा फोटो झाले. मग अडीचच्या सुमाराला छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप खाली आली. आधी आबांच्या फेट्यावर, मग चंद्राबाईंच्या कुंकवावर. दोघं एकदम उजळली. काचेवर चमक नाही, चेहऱ्यावर सावली नाही.

"आबा, हलू नगासा!"

आबांनी श्वास धरला. नानासोंनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने इंग्रजीत कळवलं, की फ्लॉपी भरली.

"आता तरी एक पुसा!"

नानासो पुसायला बसले, पण कुठला पुसावा? एकात फेटा छान होता, एकात मिशी. दोन फेट्यांचा तर आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. दुसरी फ्लॉपी सांगलीशिवाय मिळायची नाही. शेवटी मन घट्ट करून त्यांनी एक पुसला आणि मान वर केली, तर तिरीप खुर्ची सोडून धान्याच्या कणगीवर गेली होती. कणगीचा फोटो अप्रतिम आला असता.

"सोड रं," आबा फेटा उतरवत म्हणाले. "जिती हुती तवा बसली न्हाई. आता काय बसायची."

नानासोंचा चेहरा पडला. आबांनाच त्यांची कीव आली. "आन हिकडं. तुझी माती तरी बघू."

ते एकेक फोटो बघत गेले आणि सातव्यावर थांबले. तसबिरीच्या काचेत दारातल्या उन्हासकट आबा उतरले होते. अगदी चंद्राबाईंच्या खांद्याला खांदा लावून, एकाच चौकटीत.

"ह्योच मोठा करून आन."

"आबा, तोंड वासलंय तुमचं!" आक्काताई म्हणाल्या.

"आसू दे. मी बोलतोय आन् ही गप ऐकत्या. आसा फोटू गावायचा न्हाई पुन्यांदा."

नानासोंनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. मग भिंतीकडे. चंद्राबाईंना मात्र हे पटलेलं दिसत नव्हतं.