पुड्यावरचा मचवा

“डोंगर सांगितला होता. साधा एक डोंगर.”

येसाजी फळीमागे स्वतःशीच पुटपुटत होता आणि पलीकडे शेगडीवर बिया भाजणाऱ्या मनुबाईला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मुरुडात कॉफीचं दुकान काढल्यापासून तिच्या नवऱ्याला एकच ध्यास. आपली कॉफी म्हैसूरच्या डोंगरातली, हे पुडा हातात घेताच दिसलं पाहिजे. चित्राचं काम त्याने होड्या रंगवणाऱ्या कान्हाला दिलं. कान्हाचा नेम असा, की डोळ्यांनी पाहिलेलंच रंगवायचं. न पाहिलेलं काढलं तर होडी भलतीकडे जाते. म्हैसूर काही त्याने पाहिलं नव्हतं. मग तो बंदरावर गेला, गोण्या कुठून उतरतात ते नीट पाहून आला आणि चित्र परस्पर मुंबईच्या छापखान्यात धाडून मोकळा झाला. छापून आलेल्या पाचशे लेबलांवर डोंगराऐवजी हिरामणचा शिडाचा मचवा होता. मुंबईला सुके बोंबील पोचवून परतताना तो कॉफी आणी. गोण्यांवर उरलेसुरले बोंबील ऐसपैस पसरलेले, तेही कान्हाने एकेका मिशीसकट दाखवले होते.

मनुबाईच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कॉफीला येणारा तो वास हा होता तर. पहिल्या दिवसापासून तिला तो येत होता, पण घोट घेतल्यावर नवऱ्याचा चेहरा असा काही खुलायचा, की तिला सांगवत नसे. ती गुपचूप जायफळ वाढवत गेली. शेजारणीही कप खाली ठेवून “येगळीच हाय” एवढंच म्हणत आणि घाईने घरी जात.

नेमका त्याच दुपारी पालीहून दुकानदार बाबाजी आला. माघी जत्रेत त्याच्या दुकानात पुडे लागले तर वर्षाची चिंता मिटणार होती. बाबाजी माळकरी, बारा वर्षांत मासळीला शिवलेला नव्हता. मनुबाईने देवाचं नाव घेऊन अर्धं जायफळ किसलं.

बाबाजीने घोट घेतला. पुडा उचलून मचवा पाहिला, मग कप पाहिला. येसाजी मचव्याकडून म्हैसूरच्या डोंगराकडे बोलणं वळवू लागला, तर बाबाजीने कप पुढे केला. “अजून घाला, वहिनी.”

दुसरा कप संपला. तिसरा मागताना त्याचे डोळे मिटलेले होते. मनुबाईला वाटलं, आता हा माणूस तरी बोलेल. पण बोलणार कसा? वास ओळखला म्हणजे बोंबील अजून आठवतो, हे कबूल करावं लागणार.

“बाबाजी,” तीच शेवटी हळूच म्हणाली, “जत्रेला किती पुडे धाडू?”

बाबाजीने गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली.

“जत्रेला नव्या गोणीतली धाडा. ही सगळी माझ्या घरी द्या.” मग येसाजीकडे न बघता तो म्हणाला, “बोंबलाचा वास येतोय वो हिला. बारा वर्सांनी आला.”