थोरबोलेंच्या ट्रकला जोडीची पसंती

कुरणघाटाच्या पायथ्याला ट्रकवाला मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल निवडत नाही, अ‍ॅक्सलच ट्रकवाल्याला बघून पसंत करतो, आणि ही रीत साऱ्या मुलखात फक्त आमच्याच गावात आहे. म्हणजे पलीकडच्या धामणखेडातही आहे म्हणा. पण तिथले अ‍ॅक्सल कोणालाही हो म्हणतात, म्हणून ते धरायचं नाही.

रंगराव थोरबोले त्या दिवशी बघण्याच्या कार्यक्रमाला तिसऱ्यांदा आला होता. डोक्याला तेल, अंगात लग्नातला कोट. ट्रकची मागची बाजू क्रेननं उचलून धरली होती आणि ट्रक पुढच्या दोन चाकांवर आला होता, तालमीत एखाद्याचे पाय धरून त्याला हातांवर चालवावं तसा. तीन नकार झाले की ट्रक भंगारात जातो, असा नियम आहे. भंगारवाला फाटकाशी उभा होता. त्यानं गॅस कटर आणला होता, पण माणुसकी म्हणून पेटवला नव्हता.

जुन्या अ‍ॅक्सलचं असं झालं होतं. बघण्याच्या वेळी तुम्ही जेवढा भार सांगाल तेवढाच अ‍ॅक्सल ओढतो. रंगरावनं दहा टन सांगितले आणि भरताना हात सैल सोडला. अ‍ॅक्सलनं बरेच दिवस सोसलं. मग एकदा चढावर त्यानं स्वतःचे बोल्ट सोडवले आणि रस्त्याच्या कडेकडेनं, वाहनांना वाट देत, खाली निघून गेला. चौकशीत त्याची वागणूक योग्य ठरली.

आता घाटमाथ्यावर धरणाच्या भिंतीचं काम निघालं होतं आणि ठेकेदाराला खेपेला सोळा टन दगड नेणारेच ट्रक हवे होते. सोळा टन नेणारा अ‍ॅक्सल मिळायचा तर सोळा सांगायला हवं. तिथंच घोडं अडलं होतं; आकडा खोटा वाटला की अ‍ॅक्सल नकार देतो, आणि तसे दोन नकार झाले होते. उभा जन्म रंगरावनं नाक्यावर "दहा टन, साहेब" एवढंच म्हटलं होतं. जीभ तिथंच बसली होती. बायकोनं, सुंदराबाईंनी, घरी खूप घोटवून घेतलं. शेवटी सोळा सोमवारांची कहाणी वाचायला दिली, तर त्यानं ती दहा सोमवारांतच संपवली.

"आज तरी नीट बोला," सुंदराबाई केबिनमधून म्हणाल्या. "नाहीतर दोघं मिळून पाठीवर दगड नेऊ."

"तुला झेपेल," रंगराव म्हणाला. "मला एवढी वर्षं झेललंस."

पसंती अधिकारी मांजरेकरबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी आधी एक लिफ्ट अ‍ॅक्सल दाखवला. तो भार आला की चाकं खाली टेकवतो आणि ट्रक रिकामा झाला की वर उचलून बसतो. टायर वाचतात.

"म्हणजे आमच्या जावयासारखा," रंगराव म्हणाला. "ताट वाढलं की खाली, उचललं की वर."

लिफ्ट अ‍ॅक्सलनं चाकं वर घेतली ती घेतलीच. मांजरेकरबाईंनी सांगितलं की हे मत आहे, नकार नव्हे; नकारात धरणार नाही.

मग पडदा बाजूला झाला आणि जोडी दिसली. रंगरावनं नकळत टोपी काढली.

दोन अ‍ॅक्सल, एकामागे एक, लाकडी ठोकळ्यांवर बसलेले. काळे, तेलानं निथळलेले. मधे क्राऊन-पिनियनच्या दातेरी चाकांचं गोल पोट, देवळातल्या नगाऱ्याएवढं. दोघंही ओढणारे. इंजिनाचा जोर आधी थोरला घेतो, त्यातला वाटा धाकट्याला देतो. एकाची चाकं चिखलात फिरत राहिली तरी दुसरा ट्रक बाहेर काढतो. ते काही करत नव्हते, नुसते बसले होते. पण अंगणातले सगळे हळू बोलायला लागले होते.

"रस्ता कसला?" थोरल्यानं विचारलं. आवाज जात्यातून आल्यासारखा.

"खाणीत लाल चिखल, जी. वर घाट."

"आमच्या पोटातले दात जोराचे आहेत, वेगाचे नाहीत," थोरला म्हणाला. "आमच्याबरोबर आलात तर चढाला कोणाला मागं टाकणं नाही. ट्रॅक्टर पुढं जाईल. बँडवाले वाजवत पुढं जातील."

रंगरावचा चेहरा पडला. पुढच्याला हॉर्न मारून मागं टाकायचं आणि आरशात त्याचं तोंड बघायचं, हेच त्याचं सुख.

"जाऊ द्या बँडवाल्यांना," तो शेवटी म्हणाला. "पैसे न देता वरात होईल."

"आणि भार किती?" धाकट्यानं विचारलं.

सुंदराबाईंनी डोळे मिटले.

"दहा टन, साहेब," रंगराव म्हणाला.

फाटकाशी काडी ओढल्याचा आवाज झाला.

मांजरेकरबाईंनी पेन उचललं. थोरला म्हणाला, "थांबा. हे गृहस्थ खोटं बोलत नाहीयेत, यांची जीभच अडकलीय. आम्हाला बसवा. रोज भरता तसा ट्रक भरा. चढाच्या माथ्यावर पुन्हा विचारू, आणि तेच शेवटचं."

जोडी बसवली. रंगरावनं आपल्या हातानं, आपल्या सवयीनं दगड भरून घेतले. स्प्रिंगचे पाटे दबले, टायर फुगले. पसंतीच्या चढाला तोंडाशीच खाणीतला चिखल ओतलेला असतो, तिथं ट्रक मांडीपर्यंत रुतला. रंगरावनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि चाकं घरघरण्याची वाट बघत दात आवळले.

घरघर झालीच नाही. थोरल्यानं जोर घेतला, धाकट्याकडे दिला आणि सगळा ट्रक, दगडांसकट, कोटासकट, चिखलातून वर आला. झटका नाही, धूर नाही. रंगरावच्या ओंजळीत स्टिअरिंग नुसतं होतं. चढ इतका उभा की काचेतून फक्त आभाळ दिसत होतं, आणि ते आभाळ कोणीतरी दोरानं खाली ओढून घेतंय अशा संथपणे जवळ येत होतं. एक घार शेजारून जात होती. तिनं वळून पाहिलं. कडेनं एक म्हातारी शेळ्या घेऊन पुढं निघून गेली, तरी रंगरावनं हॉर्नला हातही लावला नाही.

"अगं," तो पुटपुटला, "एवढी वर्षं मी घाट चढलो म्हणायचो. मी नुसता घाटाशी भांडत होतो."

सुंदराबाईंनी डॅशबोर्डला हात टेकवून नमस्कार केला.

माथ्यावर ट्रक थांबला. मांजरेकरबाई दुसऱ्या रस्त्यानं आधीच येऊन बसल्या होत्या. खाली सगळा मुलूख परातीत मांडल्यासारखा दिसत होता. रंगराव खाली उतरला, ट्रकच्या मागं गेला आणि जोडीसमोर उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भार किती?" थोरल्यानं विचारलं.

 रंगरावची जीभ "द"साठी दातांना टेकली, सुटली. मग कुठून कोण जाणे, पोटाच्या तळातून, शब्द वर आला.

"सोळा."

मांजरेकरबाईंनी शिक्का मारला: जोडी पसंत, भार सोळा. भंगारवाल्यानं खालून हात हलवला आणि नळी गुंडाळली. सुंदराबाई केबिनमधूनच ओरडल्या, "पुन्हा म्हणा!" आणि त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी एकदा म्हटलं, सोळा, सोळा. मग कोट झटकून तो ताठ उभा राहिला.

"बघा बाई," तो मांजरेकरबाईंना म्हणाला, "या घाटात आजवर अ‍ॅक्सलला तोंडावर खरा आकडा सांगणारा मर्द एकच."

ट्रकखालून धाकट्याचा आवाज आला. "सोळा ना? मग वरचे दोन टन कोणाचे, त्यांनी आता उतरवून घ्यावेत."